४३३ रुपये

"तू हॉटेलात जेवायला येतोस की तपासणीला?" असं बायको पूर्वी मला विचारायची. आता विचारत नाही. मी पेला उचलून उजेडाकडे धरला की नुसती मान दुसरीकडे वळवते. तिचं चुकत नाही. पेल्यावर बोटांचे ठसे शोधणं, टेबल पुसलेल्या फडक्याचा आंबूस वास टेबलाला येतोय का ते बघणं, मेनूकार्डातला भाव आणि बिलातला भाव ताडून पाहणं, हे सगळं मी पंचवीसेक वर्षं करत आलोय. आणि ते करताना आपण जागरूक ग्राहक आहोत, अशी माझी स्वतःबद्दलची समजूत आहे. ही समजूत वारशाने आलेली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि आमचे नाना ऐन पंचविशीत त्यात ओढले गेले. आमच्या घरी साबणाची वडी आणली तरी पावती मागायची असे. "पावती मागायला लाजू नये आणि मागताना आवाज चढवू नये," असं नाना सांगत. यातला पहिला अर्धा भाग मी नीट उचलला.

माझ्या तक्रारी खोट्या आहेत, असं मात्र नाही. फोनवर आठ वाजताचं टेबल कबूल करून आठ पन्नासला बसवतात, आणि मधला पाऊण तास "दहा मिनिटं साहेब" या एकाच वाक्यावर काढतात. छापील मेनूकार्ड मागितलं तर टेबलावरच्या चौकोनी ठिपक्यांकडे बोट दाखवतात, आणि मग घरातली वडीलधारी माणसं कुणाच्या तरी मोबाइलमध्ये डोळे बारीक करून भाज्यांची नावं वाचतात. गाणी इतक्या जोरात लावतात की समोरच्याला "लोणचं दे" म्हणायलासुद्धा ओरडावं लागतं. आणि तो प्रश्न: "साधं की बिसलेरी?" हा प्रश्न विचारायची एक खास तऱ्हा असते. त्यात "साधं" म्हणणारा माणूस व्याह्यांसमोर एकदम दोन इंच खाली जातो. मी अनेकदा तहान नसताना बाटली घेतली आहे, निव्वळ त्या दोन इंचांसाठी.

पण खरी चीड यातल्या कशाचीच नसते. जेवण गार आलं तर मी वैतागतो, पण विसरतो. विसरत नाही ती वेटरची नजर. हातात ताटल्यांची चळत घेऊन तो आपल्या टेबलाशेजारून जातो, आणि जाताना आपल्या डोक्याच्या बरोबर दोन फूट वर बघत जातो. आपण हात वर करतो, मग "भाऊ", मग "बॉस", मग "एक्सक्यूज मी", मग दोन बोटं हवेत तशीच लटकत ठेवून घरच्यांकडे बघून कसनुसं हसतो. आपण इथे आहोत हे कुणाच्या गणतीतच नाही, ही भावना भुकेपेक्षा वाईट.

माझा एक शाळासोबती बरीच वर्षं हॉटेल चालवतो. त्याला मी एकदा हे सगळं पोटतिडकीने ऐकवलं. तो हसला. म्हणाला, "अरे, बघितलं की ऑर्डर येते. त्याच्याकडे अकरा टेबलं आहेत, तो सगळ्यांकडे बघत बसला तर एकालाही वाढू शकणार नाही. न बघणं त्याला शिकावं लागतं." मग त्याने भटारखान्यात नेऊन दाखवलं. रविवारची रात्र होती. तंदूरवर माणूस एक, भट्टी एक, आणि पंधरा टेबलांच्या रोट्यांच्या चिठ्ठ्या तारेला टोचलेल्या. त्यात काउंटरवरचं यंत्र सारखं टूंटूं करत होतं, कारण घरी बसून मागवणाऱ्यांच्याही रोट्या त्याच भट्टीतून जाणार होत्या. आणि त्यांना उशीर झाला तर ॲपवर तारे कमी होतात, म्हणून त्यांचा नंबर आधी. बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाला हे काही दिसत नाही. त्याला फक्त एक मुलगा दिसतो, जो मघाशी "आणतो" म्हणाला आणि आणत नाही. "उशीर भटारखान्यात होतो आणि ओरडा वेटर खातो," असं मित्र म्हणाला. मी मान डोलावली. मला ते पटलंही होतं. पुढच्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका हॉटेलात एका वेटरला "तुम्हाला ट्रेनिंग देतात की नाही?" असं विचारून आलो.

तर, ती संध्याकाळ. २०२५चा मे महिना, नानांना पंचाहत्तर पूर्ण झाली. हॉल वगैरे नको, आपण घरचेच कुठेतरी जेवायला जाऊ, असं त्यांनीच सांगितलं. नाना, आई, आम्ही तिघं, बहीण, तिचे यजमान आणि भाचा, असे आठ जण. टेबल आधी सांगून ठेवलेलं. मिळालं उशिरा, आणि मिळालं तेही हात धुवायच्या बेसिनाजवळ. दोन टेबलं जोडून केलेलं होतं आणि एक दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच होतं, त्यामुळे मधे ठेवलेली प्रत्येक वाटी कलायची. नानांना त्याची गंमत वाटत होती. मला वाटत नव्हती.

आमच्या टेबलावर विशीतला एक मुलगा होता. पांढरा सदरा त्याच्या मापापेक्षा मोठा, बाह्या दुमडलेल्या. बोलण्यावरून ओडिशाकडचा असावा असं मला वाटलं, विचारलं नाही. व्हेज कोल्हापुरी सांगितली होती, माखनवाला आली. मी ती परत पाठवली, आणि पाठवताना जे बोललो ते बोलायची गरज नव्हती. पण हेही लिहिलं पाहिजे, की त्याच मुलाने नानांना रोटी चावताना त्रास होतोय हे कुणी न सांगता पाहिलं, आणि पुढच्या वेळी त्यांच्यासाठी मऊ फुलके घेऊन आला. आईने सवयीने रिकाम्या ताटल्या एकात एक घालायला सुरुवात केली तेव्हा त्याने तिच्या हातातून त्या काढून घेतल्या आणि म्हणाला, "आप बैठो, माँजी." आई लाजली. पन्नास वर्षं जी बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवत आली, तिला हॉटेलात हे एवढंच हवं असतं: बसायला मिळणं. मला ते त्या दिवशी दिसलं नाही. मी तेव्हा घड्याळाकडे बघत होतो.

बिल आलं. पदार्थांचे ४,१२० रुपये, त्याखाली सेवा शुल्क १० टक्के म्हणजे ४१२, आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी. एकूण ४,७५९. माझ्या अंगात वीज आल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर मी त्या ओळीची वाटच बघत होतो. दोनच महिन्यांपूर्वी, २८ मार्चला, दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी नियम काढले होते, की हॉटेलांनी सेवा शुल्क आपल्या मनाने बिलात घालायचं नाही, द्यायचं की नाही ते गिऱ्हाईक ठरवेल. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि पावणेतीन वर्षांनी ते नियम योग्य ठरले. या तारखा मला पाठ होत्या. कायद्याच्या ज्या तारखा माझ्या बाजूच्या असतात त्या मला पाठ असतात. बाटलीबंद पाण्याला हॉटेलने छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तरी त्याला वजनमापाचा कायदा लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये सांगितलेलं आहे. तेही मी कधीतरी वाचलं होतं, पण त्या बाबतीत वाद घालताना मला ते नेमकं आठवत नाही.

मी मुलाला बोलावलं. त्याला अर्थातच काही माहीत नव्हतं. त्याने कॅप्टनला बोलावलं, कॅप्टनने मॅनेजरला. मी तारखा सांगितल्या. १९१५ हा ग्राहकांच्या तक्रारीचा नंबर मोबाइलवर काढून दाखवला. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "सर, हा चार्ज आमच्या स्टाफसाठी असतो." इथे थांबलो असतो तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. मी त्या मुलाकडे वळलो आणि मोठ्याने, शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल असं विचारलं, "क्यों, मिलते हैं क्या तुझे ये पैसे? बता इनके सामने."

त्याने मॅनेजरकडे बघितलं. मग खाली फरशीकडे. हा प्रश्न विचारताना मी त्याची बाजू घेत होतो असं मला वाटत होतं. त्याने काय म्हणायला हवं होतं? "नाही मिळत" म्हटलं असतं तर रात्री हॉटेल बंद झाल्यावर त्याचं काय झालं असतं? "मिळतात" म्हटलं असतं तर मी विजयी हसून त्याला खोटारडा ठरवलं असतं. त्याच्यासाठी सुटकेची एकही वाट मी ठेवली नव्हती, आणि तो गप्प राहिला तेव्हा त्याचं गप्प राहणं हाच माझा पुरावा झाला. "बघा," मी म्हणालो. "मला द्यायचे असतील तर मी त्याच्या हातात देईन, तुमच्या बिलात देणार नाही."

वाक्य चांगलं होतं. भाऊजींनी मान डोलावली. माझ्या मुलीने मान खाली घातली होती, ते मला नंतर आठवलं.

दोन मिनिटांत नवीन बिल आलं. ४,३२६ रुपये. म्हणजे ४३३ वाचले. मी मोबाइलवरून भरले, बडीशेप घेतली. पाकिटात पाचशेची एक नोट होती. शंभराच्या नव्हत्या. पाचशे देणं जड वाटलं, कारण मग जिंकलो काय? सुटे मागून घ्यावेत असं मनात आलं. पण ज्या काउंटरवर आताच भांडलो तिथे सुटे मागायला जायची लाज वाटली. तेवढ्यात नाना उठले, आई चप्पल शोधू लागली, भाचा पुढे पळाला. मी सगळ्यांच्या मागे होतो. टेबलावरचं आवरता आवरता त्या मुलाने वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. अख्ख्या संध्याकाळीत पहिल्यांदा. मी त्याच्या डोक्याच्या दोन फूट वर बघत बाहेर पडलो.

गाडीत नानांनी विचारलं, "त्या मुलाला दिलेस का रे पैसे?"

"हो, दिले की."

"किती?"

"पाचशे."

"बरं केलंस," नाना म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. वडिलांशी खोटं बोलायची ही काही पहिली वेळ नव्हती, पण सिगारेटच्या वयानंतरची बहुधा पहिली. आणि किती सहज जमलं! आकडासुद्धा लगेच सुचला, कारण नोट खिशात होती. त्यामुळे ते अगदीच खोटं नाही अशी काहीतरी सोय मनाने तिथल्या तिथे करून घेतली. घरी आल्यावर मी ॲपवर त्या हॉटेलविषयी लिहायला बसलो. एक तारा द्यायचा होता. जेवणाबद्दल काय लिहावं याचा विचार करताना लक्षात आलं, की जेवण उत्तम होतं. नानांनी दोनदा दही मागून घेतलं होतं. आई श्रीखंडाची वाटी बोटाने पुसून खात होती. त्या टेबलावर त्रास झाला होता तो एकट्या मला, आणि माझ्यामुळे बाकीच्यांना. मी मोबाइल ठेवून दिला. याला पश्चात्ताप म्हणू नये. झोप आली होती.

पुढे काही महिने मी या गोष्टीभोवती फिरत राहिलो. हॉटेलातच मला एवढा राग का येतो? आरटीओत मी अडीच तास रांगेत उभा राहिलोय आणि खिडकी बंद करून जेवायला गेलेल्या माणसाची वाट बघत तोंडातून शब्द काढलेला नाही. बिल्डरने ताबा एकोणीस महिने उशिरा दिला, तेव्हा त्याच्या ऑफिसात चहा पिऊन आलो. साहेब मीटिंगमध्ये माझ्या डोक्यावरून बघतात, रोज बघतात. या कुठल्याच ठिकाणी मी "तुम्हाला ट्रेनिंग देतात की नाही" असं विचारलेलं नाही. तसं विचारता येतं ती जागा एकच. जिथे मला कुणीतरी "साहेब" म्हणतं, आणि उलट बोललं तर नोकरी जाईल अशा स्थितीत उभं असतं.

हाका आठवून बघितल्या. नव्वदच्या दशकात मी कॉलेजात होतो तेव्हा "ए बारक्या" ही हाक सर्रास होती. टेबल पुसणारी पोरं खरोखरच बारकी असत, दहा-बारा वर्षांची. एका हातात चार पेले, बोटं पाण्यात बुडालेली, आणि आमची तक्रार कशाबद्दल? बोटांबद्दल. मुंबईत उडुपी हॉटेलांतून काम केलेली अशी कितीतरी मुलं रात्री कानडी रात्रशाळांत शिकली, पुढे काहींनी स्वतःची हॉटेलं काढली, हे मी मोठेपणी वाचलं. दिवसभर "पोऱ्या" ऐकून रात्री हजेरीत स्वतःचं पूर्ण नाव ऐकताना त्यांना कसं वाटत असेल, कुणास ठाऊक. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलं, ढाबे आणि घरकामात चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी आली. हळूहळू ती पोरं पुढच्या भागातून दिसेनाशी झाली. कुठे गेली, शाळेत की मागच्या मोरीवर, हे मी कधी कुणाला विचारल्याचं आठवत नाही. मला आठवतंय ते एवढंच, की त्या सुमारास मी मित्रांना म्हणत असे, "हल्ली टेबल पुसायला फार वेळ लावतात."

आता तिथे ओडिशा, झारखंड, बंगाल, नेपाळकडची मुलं असतात, आणि माझ्या तक्रारींत एक नवीन भर पडली आहे: यांना मराठी येत नाही. ही तक्रार मी मोठ्या अभिमानाने करतो. मराठीत बोलावं असं मलाही मनापासून वाटतं, त्यात खोट नाही. पण मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात, जिथे विकणारी मुलगी फाडफाड इंग्रजी बोलते, तिथे माझी मराठी कुठे जाते? तिथे मी "ट्रायल रूम किधर है" सुद्धा म्हणत नाही, चक्क इंग्रजीत विचारतो. आठ दिवसांपूर्वी गावाहून आलेल्या पोरासमोरच तेवढी मला भाषेची आठवण होते. त्या संध्याकाळी तर गंमतच झाली. एरवी मराठीचा आग्रह धरणारा मी, त्या मुलाला कोंडीत पकडायचं होतं तेव्हा झटकन हिंदीत उतरलो, म्हणजे त्याला नीट कळावं.

या सगळ्यात भुकेचा वाटाही धरायला हवा, नाहीतर स्वतःला उगाच खलनायक करण्याची हौस होते. भुकेला माणूस शहाणा नसतो. रविवारी सकाळी फर्ग्युसन रस्त्यावर इडली-डोसा खायला गेलेल्या कुठल्याही पुणेकराने आठवून पाहावं. आपण खाणाऱ्याच्या खुर्चीमागे जवळजवळ त्याच्या मानेवर श्वास सोडत उभे राहतो, त्याची कॉफी किती उरलीय ते मोजतो, मनात म्हणतो, "किती गप्पा मारतात ही माणसं!" आणि दहा मिनिटांनी त्याच खुर्चीत बसल्यावर आपल्याला एकदम जगात कसलीच घाई उरत नाही. बिल येऊन पडलं की, "हाकलतात बघा!" मुंबईत माटुंग्याच्या एका जुन्या उपाहारगृहात मी दाराशी नाव सांगून फुटपाथवर उभं राहायचं आणि हाक आली की आत जायचं, ही पद्धत पाहिली. कुणी रागावलेलं दिसलं नाही, मीही रागावलो नाही. वाट बघण्याला माझी हरकत नसावी. आपला नंबर कितवा हे कळलं, आपलं नाव कुणीतरी लिहून घेतलं, की मी तासभरही उभा राहतो. मग त्या मुलाचं नाव? त्याच्या सदऱ्यावर नावाची पट्टी होती. मी दीड तास त्याच्यासमोर बसलो होतो. पट्टी आठवते, निळ्या रंगाची; नाव आठवत नाही.

आणखी एक आठवण छळते. करोनात सहा महिने बंद राहिलेली हॉटेलं राज्यात ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या खुर्च्या ठेवून उघडली. त्याच आठवड्यात मी आणि बायको एका साध्या हॉटेलात डोसा खायला गेलो. तोंडाला मुसकी बांधलेला वेटर आला तेव्हा मला भरून आलं होतं. कागदाची ताटली होती, चटणी पाणचट होती, आणि मी त्याला म्हणालो, "काही घाई नाही, सावकाश आणा." पन्नास रुपये ठेवून उठलो. गावाकडून कसा परत आलास, घरची बरी आहेत का, हे सगळं विचारलं. म्हणजे मला येतं ते. दिवाळी झाली, आणि त्याच हॉटेलात मी कागदाच्या ताटलीवरून मालकाशी हुज्जत घातली.

सेवा शुल्काबद्दलचं माझं मत अजूनही बदललेलं नाही. ते गिऱ्हाइकाला न विचारता बिलात घालणं गैर आहे, त्यावर पुन्हा कर लावणं तर जास्तच गैर, आणि तो पैसा वाढणाऱ्याच्या हातात किती पडतो याचा हिशेब गिऱ्हाइकाला कुणी देत नाही. उद्या पुन्हा बिलात ती ओळ दिसली तर मी पुन्हा बोलेन. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या दिवशी मी ज्याच्या नावाने भांडलो, त्याच्या वाट्याला त्या भांडणातून काय आलं? हॉटेलचे ४१२ आणि सरकारचे २१, दोन्ही माझ्या खिशात आले. शुल्क लावणाऱ्यांनी त्याला त्यातले निदान चाळीस-पन्नास दिले असते का, मला माहीत नाही. मी शून्य दिले एवढं पक्कं माहीत आहे.

नानांची पिढी बशीत पैसे ठेवायची. चार आणे, आठ आणे, पुढे रुपया. बशी कपाखाली सरकवायची आणि मागे न बघता उठायचं. घेणाऱ्याने मान तुकवायला नको आणि देणाऱ्यानेही ती बघायला नको. नाना ग्राहक पंचायतीत होते, हिशेबाला कडक होते, एकदा तेलाच्या डब्याच्या वजनावरून दुकानदाराला चार वेळा खेटे घालायला लावले होते त्यांनी. पण बशीतल्या पैशांचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. त्यामुळे गाडीतला तो प्रश्न त्यांनी माझी परीक्षा घ्यायला विचारला नव्हता. त्यांच्या लेखी तो व्यवहारच पुरा व्हायचा राहिला होता: हक्काचं भांडून झालं, आता त्या पोराचं काय?

त्याहून कठीण पुढेच झालं. नानांनी ही हकीकत कट्ट्यावर सांगितली. संध्याकाळी त्यांचे सात-आठ मित्र बागेत जमतात, त्यातले दोघं-तिघं जुने पंचायतवाले. एकदा मी त्यांना न्यायला गेलो तर त्यातले एक आजोबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! कायद्याने चारशे वाचवले आणि पोराच्या हातात पाचशे ठेवले. असा पाहिजे ग्राहक." नाना बाकावर बसून हसत होते. मी "त्यात काय एवढं" असं म्हणालो. त्यांनी तो विनय समजला.

येत्या महिन्यात नानांना शहात्तर पूर्ण होतील. काल रात्री जेवताना बायकोने विचारलं, यंदा कुठे जायचं. नाना लगेच म्हणाले, "मागच्या वर्षीच्याच हॉटेलात जाऊ. दही छान होतं. आणि तो मुलगा असला तर भेटेलही, मला त्याने फुलके आणून दिले होते."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी आमटी वाढून घेत होतो.

"तिथे नको," मी म्हणालो. "पार्किंगचा फार त्रास आहे तिथे."